चौकात चुंबळ: बाहेरगावच्या माणसानं सांगलीत मांडणशिल्प कसं उभं करावं

रस्त्यावर मांडणशिल्प (इन्स्टॉलेशन, म्हणजे एखाद्या जागेत वस्तू मांडून केलेलं काम) करायचं तर बांबू, रंग आणि परवानगीचा अर्ज यांच्या आधी एक गोष्ट ठरवून टाका: काम उतरवल्यावर ते कुणाकडे जाणार. हे ठरलं की साहित्य कुठलं घ्यायचं, पैसे कुणाचे चालतील, कुणाचं नाव लिहायचं आणि कुणाचं झाकायचं, यातले निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. ज्यांच्यावर काम केलं त्यांच्या पदरात शेवटी काहीच पडणार नसेल, तर तो देखावा झाला. आणि देखाव्यांची सांगलीत गणपतीच्या दिवसांत काही कमी नसते.

मी मूळचा बीडकडचा. आईवडील दरसाल उसाला यायचे, त्यांच्या मागे मी आलो आणि दुकानांचे बोर्ड रंगवता रंगवता इथलाच झालो. फ्लेक्स आले, बोर्ड गेले, हातात ब्रश तेवढा राहिला. अजूनही नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न ‘गाव कुठलं?’ हाच. बाहेरून आलेल्या कलाकाराला एक फायदा असतो, गावाला सवयीचं झालेलं त्याला अजून दिसतं. तोटाही तेवढाच मोठा: दिसलं म्हणजे कळलं, असं त्याला फार लवकर वाटतं. खालची सगळी पद्धत या तोट्याला लगाम घालण्यासाठी आहे. उदाहरण म्हणून ऊसतोडीच्या बायकांच्या चुंबळींवर (डोक्यावर ओझ्याखाली ठेवायच्या कापडाच्या वेटोळ्यांवर) केलेलं एक काम घेतो.

विषय: हातात धरता येईल एवढा

‘ऊसतोड मजुरांचे प्रश्न’ हे परिसंवादाचं शीर्षक आहे, त्यातून मांडणी होत नाही. जरा जवळ जा. दसरा-दिवाळीनंतर मराठवाड्यातून टोळ्या उतरतात. मुकादमाकडून, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, ती तोडीतून फेडायची. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. तोड टनावर मोजतात, हिशेब कोयत्याचा होतो आणि तो बहुतेक वेळा पुरुषाच्या हातात पडतो. वाढं (उसाचा हिरवा शेंडा) वेगळं करणं, मोळी बांधणं, ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवणं, यातलं बाईच्या वाट्याचं काम वेगळं असं कुठल्याच वहीत लिहिलेलं नसतं. आता या सगळ्यातून एकच वस्तू निवडायची. कोयता पोस्टरांवर वापरून वापरून बोथट झालाय. मोळीखालच्या चुंबळीकडे मात्र कुणाचं लक्ष गेलेलं नव्हतं.

वस्तू निवडताना दोन कसोट्या लावा. ती रोज वापरणाऱ्या माणसाला तुमची चूक लगेच पकडता आली पाहिजे. आणि ती कधीच न वापरलेल्या माणसाला तिच्याशी काहीतरी करता आलं पाहिजे, नुसतं बघणं पुरे नाही.

ऊस सोडून इथं विषय कमी नाहीत. पुराचंच घ्या. २००५, २०१९, २०२१ ही सालं लोकांच्या तोंडावर आहेत. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट. पण आकडा मांडता येत नाही. पाणी येताना प्रत्येक घरानं माळ्यावर सगळ्यात आधी काय चढवलं, ते मांडता येतं. हरिपूरची जुनी पेवं, म्हणजे हळद साठवायचे जमिनीतले खड्डे, आहेत. मिरजेच्या दवाखान्यांबाहेर रात्री पथारी टाकणारे कर्नाटकातले नातेवाईक आहेत. कुपवाडच्या एमआयडीसीत उत्तरेकडून आलेल्या पोरांच्या भाड्याच्या खोल्या आहेत. यातलं काहीही घ्या, फक्त एका वेळी एकच.

ऐकणं: यालाच सगळ्यात जास्त वेळ द्या

टोळीच्या तळावर (मुक्कामाच्या जागी) जाताना मुकादमाला सांगून जा, पण त्याला बरोबर घेऊन बसू नका. त्याला टाळलंत तर त्याला संशय येतो, आणि तो शेजारी बसला तर बाया बोलत नाहीत. भल्या पहाटे फडात जायचं असतं, त्यामुळे संध्याकाळी चूल पेटलेल्या वेळी गप्पांना जाणं म्हणजे त्यांची झोप खाणं. साखर कारखान्यात बिघाड होऊन गाड्या आवारात अडकल्या की तळावर मोकळा वेळ असतो. तो दिवस पकडा.

पहिल्या भेटींत मोबाईल खिशातच ठेवा. दुःख विचारू नका, वस्तू विचारा. ‘तुमच्या अडचणी काय?’ या प्रश्नाला सर्वेक्षणवाल्यांना द्यायचं ठरलेलं उत्तर मिळतं. ‘चुंबळ कशाची करता?’ म्हटलं की गाडी वेगळीकडे जाते. एका मावशींनी डोक्यावरची चुंबळ उलगडूनच दाखवली. वर नायलॉनच्या साडीचा पीळ, आत बारदानाचा तुकडा.

‘हे कशाला, मावशी?’

‘नुस्ती साडी घसरती, बाबा. आत बारदान घातलं का बसती. आता सुती लुगडं ऱ्हायलंय कुठं?’

पिळाला एका बाजूला गाठ होती, ती कानामागे येईल अशी चुंबळ डोक्यावर बसवायची. कपाळाच्या बाजूला आली तर दिवसभर टोचते. असले तपशील फडाबाहेर कुठेही सापडत नाहीत, आणि मांडणी खरी वाटते ती यांच्याच जोरावर.

ही पद्धत काही माझी नाही. क्रिश्तोफ वोदिच्को हा पोलंडमधून आधी कॅनडात आणि मग न्यूयॉर्कला गेलेला कलाकार. १९८८-८९मध्ये त्यानं रस्त्यावर राहणाऱ्यांसाठी एक ढकलगाडी केली. तिच्यात झोपता येई, अंग धुता येई आणि विकायला गोळा केलेले डबे-बाटल्या ठेवता येत. आराखडा त्यानं अशा माणसांशी बोलूनच केला. बेघरांचा प्रश्न ती गाडी सोडवणार नव्हतीच, पण ती फुटपाथवरून जायला लागल्यावर तो न बघता पुढे जाणं लोकांना अवघड झालं. आपल्याकडे कलाकार नवज्योत अल्ताफ यांनी बस्तरमधल्या कोंडागावात स्थानिक कलाकारांबरोबर ‘नळपार’ केले. हातपंपाभोवती बांधलेल्या या जागांमध्ये घागर टेकवायची सोय आहे, त्यामुळे ती जमिनीवरून उचलावी लागत नाही. पाणी भरायला येणाऱ्या बाईला कलेतलं काही कळो न कळो, पाठीला कळतं.

ऐकलेलं लिहून काढलं की ज्यानं सांगितलं त्यालाच वाचून दाखवा. खोडायला सांगितलं तर खोडा, वाद घालू नका. उचलीची रक्कम, मुकादमाचं नाव आणि तळाची जागा कधीच लिहू नका. चौकात लिहिलेला आकडा चार दिवसांत मुकादमापर्यंत पोचतो, आणि पुढच्या हंगामाची बोलणी त्याच्याशीच करायची असतात. तुम्ही काम उतरवून घरी जाल. त्या बाईला परत त्याच टोळीत यायचंय. मुलांचे फोटो तर नकोच.

जागा

आधी न थांबणारी जागा आणि थांबणारी जागा यांतला फरक बघा. स्टेशन चौकात माणसं खूप, पण प्रत्येकाला कुठेतरी पोचायचं असतं. एसटी स्टँडवर माणूस नाइलाजानं थांबतो, ते आपल्या सोयीचं. चुंबळीसाठी मला मार्केट यार्ड सगळ्यात योग्य वाटलं. हळदीची पोती पाठीवर घेणाऱ्या हमालाला डोक्यावरचं वजन समजावून सांगावं लागत नाही. शिवाय हमालांसाठी १९६९पासून माथाडी कायदा आहे, आणि तसंच ओझं वाहणाऱ्या ऊसतोडीच्या बाईसाठी तो लागू होत नाही. हा फरक तिथल्या हमालांनीच माझ्यासमोर एकमेकांना सांगितला. मला फलकावर लिहावा लागला नाही.

जागा ठरवण्याआधी तिथं सकाळी, भर दुपारी आणि दिवेलागणीला जाऊन उभे राहा. ऊन कुठून येतं, ट्रक कुठे वळतात, वरून वायरी किती खाली आल्यात, ॲम्ब्युलन्सची वाट कुठली. पायी जाणाऱ्यांसाठी किमान सहा फूट मोकळे सुटले पाहिजेत. डोक्यावर काही टांगणार असाल तर खालून आठ फुटांची उंची धरा; गाड्या जाणार असतील तिथं वर काहीच टांगू नका, उसानं भरलेली ट्रॉली काय काय ओढत नेते ते सांगलीकरांना सांगायला नको. महावितरणच्या खांबाला सुतळीसुद्धा बांधू नये. आणि जवळ एखादी चहाची टपरी हवीच. रात्रीचा पहारेकरी आणि दिवसाचा समीक्षक, दोन्ही तिथं फुकट मिळतात.

मांडणी कुठून बघितली जाणार, हेही याच वेळी ठरतं. पॅरिसमध्ये जन्मलेल्या, ट्युनिशियन आईवडिलांच्या एल सीड या कलाकारानं २०१६मध्ये कैरोत कचरा गोळा करणाऱ्यांच्या वस्तीत जवळजवळ पन्नास इमारतींवर मिळून एक अरबी वाक्य रंगवलं. ते सलग दिसतं फक्त मोकत्तम डोंगरावरच्या एका जागेवरून. ज्या वस्तीकडे शहर नाक मुरडतं, ती बघायला माणसाला मुद्दाम तिथवर चढून जावं लागतं. सांगली सपाट आहे, डोंगर नाही. इथं अंतर वापरावं. लांबून रंगीत गोलांची झालर दिसावी आणि जवळ गेल्यावर त्या चुंबळी आहेत हे कळावं, एवढं मला पुरेसं होतं.

नदीकाठ कितीही मोहात पाडो, पावसाळ्यात तिथं काही उभारू नका. इतर वेळीही निळ्या पूररेषेच्या आत काम असेल तर पाटबंधारे खात्याला विचारल्याशिवाय खड्डा घेऊ नका.

परवानगी

जागेचा मालक कोण, हे आधी शोधा. मार्केट यार्ड असेल तर बाजार समिती, स्टँड असेल तर एसटी महामंडळ, शहरातला रस्ता असेल तर बहुधा महापालिका, मोठा रस्ता असेल तर सार्वजनिक बांधकाम खातं. खाजगी भिंत असेल तर मालकाचं लेखी संमतिपत्र घ्या. मालमत्तेचं विद्रूपीकरण रोखणारा राज्याचा १९९५चा कायदा आहे आणि तोंडी ‘हो’ त्यात कामाला येत नाही. वाहतुकीजवळ काम असेल तर पोलिसांचं नाहरकत पत्रही लागतं.

अर्ज दोन पानांच्या वर नको. मोजमापांसह रेखाचित्र, जागेचा फोटो, एकूण वजन, उभारण्याची आणि उतरवण्याची तारीख, जबाबदार माणसाचा फोन, वीज वापरणार नसल्याचा उल्लेख. थर्माकोल २०१८च्या बंदीपासून सजावटीला चालत नाही, तेव्हा साहित्य काय आहे ते आधीच लिहा. विषय लपवू नका, पण भाषणही लिहू नका. अर्ज दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलेलाच नसतो. निवडणुकीची आचारसंहिता लागली की सगळं थांबतं, म्हणून तारखा आधी बघा.

बांधणी

चुंबळी लोकांकडून मिळवताना नवीन देऊन जुनी घेतली. नवीन म्हणजे सुती कापडाची, आत बारदान घातलेली, मावशींनी सांगितली तशीच. फुकट मागून घेतलेल्या वस्तूत देणाऱ्याचा संकोच शिल्लक राहतो.

चौकटीसाठी बांबू. ओल्या बांबूला कीड लागते, कारण त्यात स्टार्च असतो. काही आठवडे पाण्यात बुडवून मग सावलीत वाळवलेला घ्या. मांडववाल्याकडून भाड्यानं घेतलेला जुना बांबू त्याहून बरा, त्याची परीक्षा झालेली असते. त्याच्या माणसाला एक दिवसाची मजुरी देऊन गाठी त्याच्याकडूनच मारून घ्या. काथ्या भिजवून आवळायचा, वाळला की गाठ घट्ट बसते. तार आणि खिळे टाळा. उतरवताना बांबू फाटतो आणि मग तो कुणाच्याच कामाचा राहत नाही.

फुटपाथला खड्डा पाडायची परवानगी सहसा मिळत नाही. तेलाच्या १५ किलोच्या रिकाम्या डब्यात काँक्रीट भरून त्यात पाइपचा तुकडा उभा करा, तुकड्यात बांबू बसवा. असा एक डबा ३५ ते ४० किलोंचा होतो. डबे पिवळे रंगवा, रात्री ठेच लागू नये.

वाऱ्याचा हिशेब मात्र नीट करा. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. सलग कापड ताणलंत तर ते शिडासारखं भरतं आणि डब्यांसकट चौकट आडवी होते. आमच्या कामात कापड नव्हतंच, चुंबळी सुट्या दोऱ्यांवर होत्या, मधून वारा जायचा. कापड लागणारच असेल तर जाळीचं घ्या. मार्चनंतर वळीव कधीही येतो. काळं ढग दिसलं की दहा मिनिटांत खाली घेता येईल अशीच रचना हवी.

मधोमध मोळी होती. खरी मोळी ३० किलोंच्याही वर जाते. सवय नसलेल्याची मान मोडायला तेवढी पुरते. म्हणून १५ किलोंची केली आणि कप्पीवरून दोरानं अशा उंचीवर टांगली की ती डोक्यावर आली की दोराला चार बोटं ढील पडेल. माणसानं चुंबळ डोक्यावर ठेवून, गुडघे जरा वाकवून खाली यायचं आणि सरळ व्हायचं. वजन डोक्यावर येतं. पाय लटपटले तर दोर मोळी धरून ठेवतो. उंचीप्रमाणे दोर वरखाली करायला एक माणूस कायम हवा, आणि लहान मुलं व मानेचं दुखणं असलेले यांना नम्रपणे नाही म्हणायला तोच. चौकटीची परीक्षा घ्या: आडव्या बांबूला दोन धट्टीकट्टी माणसं लोंबकळली तरी काही हलता कामा नये.

उसाचं वजन वाळून घटतं. बाजूला स्प्रिंग काटा टांगा, रोज सकाळी मोळी तोला आणि कांडी भरा. मोकाट जनावरं वाढं खातात. माणसंही एखादं कांडं ओढून सोलायला बसतात. खाऊ द्या, ज्यादा ऊस जवळ ठेवा. पाचट मात्र वापरू नका. बिडीच्या एका थोटकानं सगळं संपेल.

रंग आणि अक्षरं

सांगलीत काम म्हटल्यावर हळदीनं रंगवायचा मोह होतो. हळदीचा रंग उन्हात उडतो. आठवड्यात कळकट पिवळट कापड उरतं. ते फिकट होत जाणं हाच तुमचा विषय असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर काव (गेरू) वापरा, ती लोहाची असल्यानं उन्हाला दाद देत नाही. भगवा, हिरवा, निळा हे मोठ्या पट्ट्यात लावताना आजूबाजूला कुठला झेंडा आहे ते बघा, नाहीतर मांडणीचा अर्थ तुमच्याआधी दुसरंच कुणी ठरवून मोकळं होईल.

दहा फुटांवरून निवांत वाचायला साधारण इंचभर उंचीचं अक्षर लागतं. देवनागरीत ही उंची शिरोरेघेपासून धरा, आणि वेलांटी-उकारांना वरखाली जागा सोडा. नव्या पोरांचे फलक इथंच गिचमिड होतात. प्रत्येक चुंबळीखाली फक्त बाईनं सांगितलेलं एक वाक्य ठेवलं, तिच्याच बोलीत. ‘घसरती’चं ‘घसरते’ करू नका. काम काय आहे हे सांगणारा फलक एकच, आणि पहिल्या तासापासून. कारण चौकात दोरीला लटकवलेलं काहीतरी दिसलं की निम्म्या लोकांना तो उतारा वाटतो. लिंबू, मिरच्या, बिब्बा, काळी बाहुली यांच्या आसपास जाईल असं काहीही मांडणीत नको.

आधी घरच्यांना दाखवा

रस्त्यावर नेण्याआधी पूर्ण आकारात एकदा अंगणात किंवा गोडाऊनमध्ये उभं करा आणि ज्यांच्यावर काम आहे त्यांना बोलवा. येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी द्या. बाया आल्या, आणि मोळी बघून एकीनं ‘एवढीशीच?’ म्हणून पदर तोंडाला लावला. मग फलकावर खरी मोळी याच्या दुप्पट असते, हे वाक्य आलं. पत्रकार, नगरसेवक, मित्र हे सगळे यानंतर.

पैसे

ज्या पक्षाबद्दल (कारखाना, मुकादम, कुणीही) काम आहे त्याच्याकडून पैसे घेऊ नका, मग तो कितीही सज्जन असो. दुकानदारांकडून रोख मागण्यापेक्षा वस्तू मागा: काथ्या, डबे, सिमेंटचं अर्धं पोतं. वस्तू देणारा काम बघायला येतो, रोख देणारा बॅनर लावायला येतो. हिशेबाचा कागद मांडणीशेजारीच चिकटवा. त्यात तुमची मजुरीही लिहा. कलाकार फुकट राबला हे भूषणानं सांगणाऱ्यांनी इतर सगळ्यांची मजुरी पाडली आहे.

रोजचं उभं राहणं

गर्दीच्या वेळी तुम्ही तिथं असलंच पाहिजे, पण बाजूला. कुणी विचारलं तर सांगा, नाही विचारलं तर गप्प. लोकांनी चुंबळीपुढे पैसे ठेवायला सुरुवात केली तर ते थांबवा, मांडणीचं देऊळ व्हायला वेळ लागत नाही. टीका करणारा उठून गेला की त्याचं म्हणणं वहीत उतरवा. फोटो काढणाऱ्याला अडवू नका. फक्त बायांपैकी कुणी बघायला आली असेल तर तिला कॅमेऱ्यापुढे उभं करू देऊ नका.

उतरवणं

कारखान्याचा पट्टा पडायच्या, म्हणजे गाळप हंगाम संपायच्या, आधी काम खाली आलं पाहिजे. पट्टा पडला की टोळ्या दोन दिवसांत गावाकडे निघतात, आणि जे द्यायचं ते द्यायला माणूस सापडत नाही. उतरवताना बायांना बोलवा. आमच्याकडे काहींनी आपली जुनी चुंबळ परत मागितली, ती नव्यासकट दिली. बाकीच्या चुंबळींचं काय करायचं ते त्यांनीच ठरवलं. वाक्यांच्या पाट्या ज्याच्या त्याच्याकडे गेल्या. बांबू मांडववाल्याला परत, काथ्या सोडवून त्यालाच. काँक्रीटचे डबे हमालांनी पाण्याच्या टाकीखाली टेकू म्हणून मागून घेतले. मोकळी जागा झाडून, उभारण्यापूर्वी काढला होता त्याच कोनातून तिचा फोटो काढा, आणि पत्र जोडून कार्यालयात द्या. अनामत भरलेली असेल तर ती याच पत्रावर सुटते. याचीही पोच घ्यायला विसरू नका.